चौकात लावलेली यशोधरा

मोरिवली, अंबरनाथ
जानेवारी २००८

आदरणीय सरस्वतीताईस,

भगवानचा सविनय जय भीम. दाजींनाही सांगावा.

इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, असं पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहिलं. तू त्यावर फार विसंबू नकोस. तुझे गुडघे काय म्हणतात? पायऱ्या चढताना अजून दुखतात, की त्या वैद्याच्या तेलाने नुसता घरभर वास सुटला? दाजींची साखर किती आहे असं विचारत नाही, कारण ते खरं सांगत नाहीत. त्यांना एवढंच म्हणावं की महाडच्या बाजारात उभ्याने खाल्लेली जिलेबीसुद्धा पोटातच जाते. (बसून खाल्ली तरच लागते असा त्यांचा समज आहे. माझाही पूर्वी होता.) भावना बरी आहे, तुझ्या हातच्या सुकटीची आठवण काढते. आता तू म्हणशील, एवढंच विचारायचं होतं तर मेल्या फोन का नाही केलास? ताई, आमच्या फोनची वायर मी भिंतीतून उपटून तांदळाच्या डब्यात ठेवली आहे. का ठेवली, हीच तर सगळी कथा आहे. ती सांगताना माझी अब्रू जेवढी वाचवता येईल तेवढी वाचवतो. फारशी उरलेली नाही, त्यामुळे कामही फार नाही.

आधी दुखणं काय ते सांगतो. यशोधरा माझ्याशी बोलत नाही. घरात माणसं तीन, पण जेवताना ती भावनाला म्हणते, "आई, त्यांना विचार, भात हवा का," आणि मी तिच्या समोर, हातभर अंतरावर ताट घेऊन बसलेला असतो. मीही मग भावनालाच सांगतो की थोडा वाढ म्हणावं. भावना म्हणते, माझं टेलिफोन एक्स्चेंज करून ठेवलंय तुम्ही बापलेकीने. अबोल्याचं मला एवढं वाटलं नसतं. (लहानपणी तुझी पाटी फोडली तेव्हा तू अख्खी मे महिन्याची सुट्टी माझ्याशी बोलली नव्हतीस, तरी मी वाढलोच.) पण पोरीने ठाण्याच्या जिल्हा वक्तृत्व स्पर्धेला जाणार नाही म्हणून शाळेत सांगून टाकलंय. तालुक्यात पहिली आलेली पोर, ताई! आणि घरी बसणार ती माझ्या कर्तृत्वाने. हे मला फार लागलंय.

तुला ठाऊक आहे, मी तिच्या शाळेच्या पालक-शिक्षक संघाचा उपाध्यक्ष आहे. (बिनविरोध. त्या सभेला वेळेवर आलेला पालक मी एकटाच होतो. कारखान्यात टाइमकीपरची नोकरी करून करून एवढा एकच गुण अंगात राहिलाय.) गेल्या जूनमध्ये शाळेत इंटरनेट आलं. संगणकाची खोली आधीपासून होती: चपला बाहेर काढून आत जायचं, खिडकीला पडदा, संगणकांवर प्लास्टिकची कव्हरं, एकूण वातावरण विहारासारखं शांत. इंटरनेट आलं आणि पालकांची शांतता गेली. त्याच खोलीत सभा भरली. कुणी म्हणे मुलं बिघडतील, कुणी म्हणे डोळे जातील, एका गृहस्थाला काळजी की मे महिन्याच्या सुट्टीत वापरलं नाही तर ते खराब होईल का. मग उपाध्यक्ष या नात्याने मी उठलो आणि बराच वेळ बोललो. इंटरनेट ही दुधारी तलवार आहे, असं मी म्हणालो. टाळ्या पडल्या. तोवर मी इंटरनेट डोळ्यांनी पाहिलेलंही नव्हतं. खोलीतल्या कुलूपबंद कपाटाकडे मी भाषणात वारंवार बोट दाखवत होतो, कारण ते त्या कपाटात असतं अशी माझी समजूत. संगणक शिकवणाऱ्या माधवी मॅडमनी नंतर हळूच सांगितलं की त्यात खडू असतात.

माधवी मॅडम मात्र शहाण्या. त्यांनी भाषण केलं नाही. मुलांनाच बसवलं आणि म्हणाल्या, नियम तुम्हीच करा, पाळायचे तुम्हालाच आहेत. यशोधरा त्यात पुढे. पासवर्ड जिवलग मैत्रिणीलाही द्यायचा नाही, काही वंगाळ दिसलं तर घाबरून लपवायचं नाही, मॅडमना सांगायचं, कुणाचा फोटो त्याला विचारल्याशिवाय कुठे टाकायचा नाही, कुणी गोड बोलून भेटायला बोलावलं तर आधी घरी सांगायचं. आणि एक मला तेव्हा फारच हुशारीचा वाटला: कुणी ओळखीचं असल्याचं सांगू लागलं, तर त्याला असं काहीतरी विचारायचं ज्याचं उत्तर कुठेच लिहिलेलं नाही. हे सगळं घेऊन उल्हासनगरच्या एका सभागृहात ती तालुका स्पर्धेत बोलली. काय बोलली ताई! हातात कागद नाही, आवाज कापत नाही. शेवटी म्हणाली, "जे तुम्ही चौकात उभं राहून ओरडून सांगणार नाही, ते इंटरनेटवर लिहू नका." सभागृह उठून उभं राहिलं. मी उभा राहिलो नाही, कारण मी रडत होतो आणि रुमाल भावनाकडे होता.

आता खरं तर इथे थांबायला हवं होतं. पेढे वाटून गप्प बसलो असतो तर आज फोन भिंतीला असता. पण आमच्या इकडे बॅनर लागल्याशिवाय कुठलीही गोष्ट घडली असं धरत नाहीत. वाढदिवस, बारावी, नवी गाडी, सगळ्याला बॅनर. मागे एकाच्या पायाचं प्लास्टर निघालं, तर त्याचाही लागला होता, खाली शुभेच्छुकांची रांग. आमचा शेजारी हिरामण हा मोरिवलीचा मूळचा, बापजाद्यांची शेती कारखान्यांच्या पोटात गेली, आणि आता याला नगरपालिकेत निवडून जायचंय. त्याने बातमी ऐकली आणि दारातूनच ओरडला, "भगवानभाऊ, पोरगी आपल्या गल्लीची हाय! बॅनर तो बनता है!" मी नको म्हणालो असं लिहायची फार इच्छा आहे. मी त्याच्या आधी चप्पल घातली.

गेलो उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये, होतचंद शेठच्या फ्लेक्सच्या दुकानात. शेठने यशोधराच्या शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो कपाटाएवढा केला. शेजारी हिरामणचा, हात जोडलेला. (तो कपाटापेक्षा मोठा. त्याच्या शेजारी माझ्या फोटोला जागाच उरली नाही, हे पुढे महागात पडलं.) वर पिवळ्या अक्षरांत पोरीचं ते वाक्य. खाली बरीच पांढरी जागा राहिली. शेठ म्हणाले, "साईं, फुटाच्या हिशेबाने घेतो मी. खाली छोडके क्या फायदा? कुछ तो डालो." ताई, पैसे भरून कोरी जागा घरी न्यायची, हे आपल्या रक्तात नाही. मग आम्ही घालत सुटलो. पूर्ण नाव. इयत्ता, तुकडी, शाळा. हिरामण म्हणाला जन्मतारीख घाला, लोक शुभेच्छा देतील. मी म्हणालो पत्ता घाला, लोक सत्काराला येतील. पत्ता आला तर फोन नंबर हवाच. तिच्या शिकवणीच्या सरांना मार्गदर्शक म्हणून जागा दिली, तर त्यांनी फोनवरून क्लासची वेळही घालायला लावली, रोज संध्याकाळी पाच ते सात. तरी जागा उरली. मग वडील भगवान, टाइमकीपर, आणि हौसेने माझी पाळी. आई भावना, अंगणवाडी सेविका, आणि तिची वेळ. थोडक्यात घर कधी रिकामं असतं आणि पोर कधी कुठे असते, ते ठळक अक्षरांत. आणि या सगळ्याच्या डोक्यावर, पिवळ्या रंगात: जे चौकात ओरडून सांगणार नाही, ते इंटरनेटवर लिहू नका! आम्ही तिघांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. शेठ म्हणाले, एकदम कडक. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

बॅनर लागला तो क्लासजवळच्या चौकात, सरांच्या आग्रहाने. शाळेतून येताना यशोधराने पाहिला. मी कोपऱ्यावर उभा, तिचा आनंद बघायला. तिने वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला, मग घरी आली, पाणी प्यायली आणि मला म्हणाली, "बाबा, माझं भाषण तुम्ही ऐकलं होतंत ना?" म्हटलं, म्हणजे काय, रडलो मी! तर म्हणाली, "ऐकलंत, की नुसते रडलात?" मी माझ्या परीने खुलासा केला. म्हटलं, बाळा, तू इंटरनेटवर नको म्हणालीस, हा तर चौक आहे. ताई, हे वाक्य तोंडातून निघालं आणि भावनाने कपाळावर हात मारून घेतला, तेव्हा कुठे मला अंधुक अंधुक उजाडायला लागलं. दुसऱ्या दिवसापासून शाळेत पोरं तिला 'वेबसाईट' म्हणायला लागली. आता ठाण्याच्या स्टेजवर ती कुठल्या तोंडाने सांगणार, आपली माहिती जपा म्हणून?

मग फोन सुरू झाले. आधी अभिनंदनाचे आले, मी छाती फुगवून घेतले. मग विमावाले, पाणी शुद्ध करायच्या यंत्रवाले, दुसऱ्या क्लासवाले. एका गृहस्थांनी स्थळ आणलं. मुलगी नववीत आहे म्हटलं, तर म्हणाले हरकत नाही, बोलणी करून ठेवू. भावनाने माझ्या हातातून फोन घेतला आणि त्यांच्याशी जे बोलली, ते मी पत्रात लिहू शकत नाही, पोस्टमन सभ्य आहे. इथवर मला थोडी मजासुद्धा वाटत होती. मग एका दुपारी एकाचा फोन आला. आवाज साधा, सौम्य. यशोधरा आहे का, म्हणाला. कोण बोलतंय विचारलं, तर म्हणाला ओळखीचाच आहे, पाच ते सात क्लास असतो ना तिचा, तुमची आज दुपारपाळी नाही वाटतं? आणि ठेवून दिला. ताई, मी घाबरलो. रिसीव्हर ठेवायच्या आधी उठून दाराला कडी घातली. तो कोण होता ते आजवर कळलेलं नाही. चौकीत जाऊन तक्रार दिली. हवालदारांनी आपुलकीने विचारलं, साहेब, एवढी माहिती त्याला कुठून मिळाली असेल, तुमचा कुणावर संशय? मी माझंच नाव सांगितलं.

तेव्हापासून मी पहारा सुरू केला. यशोधराने भावनामार्फत कळवलं होतं की त्यांनी क्लासला यायचं नाही, आधीच पोरं हसतात. म्हणून मी लपून जायचं ठरवलं. थंडीचे दिवस, माकडटोपी घातली, त्यावर मफलर नाकापर्यंत ओढला, आणि चौकात आडोसा म्हणून त्याच बॅनरच्या मागे बांबूला टेकून उभा राहिलो. बाजूने मान काढून क्लासकडे बघायचो आणि परत मागे व्हायचो. आता हे असं वागणारा माणूस तुला दिसला असता तर तू काय केलं असतंस? तिथल्या महिला मंडळाच्या बायकांनी तेच केलं. माधवी मॅडमनी त्यांच्याकडेही मुलांच्या सुरक्षेवर माहिती दिली होती, त्यामुळे तयारीच्या होत्या. एकीने मफलर धरला, दुसरीने कोपर, आणि तिसरीच्या हातात भाजीची पिशवी होती, तीत नारळ होता असं मला नंतर सांगण्यात आलं.

मी म्हटलं, अहो मी बाप आहे. कुणाचा? मी बॅनरकडे बोट दाखवलं. नाव काय तिचं? म्हटलं यशोधरा. ते वर लिहिलंय, म्हणाल्या, आम्हालाही वाचता येतं. मी शाळा सांगितली, तुकडी सांगितली, पत्ता सांगितला, फोन नंबर सांगितला. दर वेळी एकजण वर बघायची आणि म्हणायची, लिहिलंय. म्हटलं माझं नाव भगवान. लिहिलंय. टाइमकीपर आहे. लिहिलंय. जन्मतारीख विचारली तेव्हा (तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू) मीच मान वाकडी करून बॅनरवर बघितली. तेव्हा त्यांतली एक म्हातारी पुढे आली. म्हणाली, "बाबा, बोर्डावर नाय असं कायतरी सांग."

ताई, मी आठवू लागलो. तिला काय आवडतं? म्हटलं, बटाट्याची भाजी. बायका म्हणाल्या, ती कुणाला आवडत नाही? पुढे काय व्हायचंय तिला? म्हटलं, डॉक्टर. आणि म्हणता म्हणता माझ्याच लक्षात आलं की ते मला वाटतं, तिने कधी म्हटल्याचं आठवत नाही. कशाला भिते, कुणाशी पटतं, एकटी असली की काय गुणगुणते, काहीच येईना. पोरीबद्दल मला जेवढं माहीत होतं तेवढं सगळं मी होतचंद शेठकडून छापून घेतलं होतं, आणि तरी खाली जागा उरली होती. माझं गप्प होणं बायकांना गुन्ह्याची कबुलीच वाटली.

तेवढ्यात क्लास सुटला. पोरींच्या घोळक्यात यशोधरा आली. बायकांनी मफलर खाली ओढून विचारलं, बाळ, ओळखतेस का याला? तिने माझ्याकडे बघितलं. माकडटोपी बघितली. मग बॅनर लागल्या दिवसानंतर पहिल्यांदाच माझ्याशी थेट बोलली. "माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीचं नाव सांगा." तिचा तो नियम! म्हटलं, मनीषा? ती म्हणाली, "मनीषा तिसरीत होती. तेव्हाच शाळा सोडून गेली." मग बायकांकडे वळली. "सोडा त्यांना. हेच माझे बाबा. दुसरा कोणी असता तर निदान माहिती काढून आला असता." सगळ्या हसल्या. म्हातारी तेवढी हसली नाही, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, जा घरी. पोर मैत्रिणींबरोबर पुढे, मी टोपी हातात घेऊन मागे. त्यांतली जवळची कोणती असेल, याचा अंदाज बांधत गेलो. सगळ्या सारख्याच दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कातरी घेऊन हिरामणकडे गेलो. तो म्हणाला, चार दिवस राहू दे, पक्षाचे साहेब येणार आहेत, त्यांच्या नजरेस पडेल. मी कातरी उघडली. हिरामण म्हणाला, बरं बरं, उतरवतो, फाडू नको, माझा फोटो आहे. उतरवला. मला वाटलं सुटलो, आणि इथे माझी अक्कल दुसऱ्यांदा दिसली. कारण आमच्याकडे फ्लेक्स कधी मरत नाही. त्याचं चौकातलं आयुष्य संपलं की खरं आयुष्य सुरू होतं: कुणाच्या छपरावर, कुणाच्या रिक्षाच्या मागे, कुणाच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर. पोरीच्या भाषणात हेही होतं म्हणे, एकदा सोडलेली माहिती परत गोळा करता येत नाही. मी त्यालाही टाळी वाजवली असणार.

पुढच्याच आठवड्यात फोन. बदलापूर गावातून भावनाच्या ओळखीच्या एक बाई विचारत होत्या, वालाच्या शेंगांच्या दुकानावर जी मुलगी आहे ती तुमचीच का? गेलो. हिरामणची आत्या, विठामावशी, गावात शेंगा घेऊन बसते. तिच्या डोक्यावर उन्हाला सावली म्हणून माझी पोर ताणून बांधलेली. हिरामणने बॅनर आडवा कापून वरचा भाग आत्याला दिला होता, स्वतःच्या फोटोची बाजू काळजीने रस्त्याकडे करून. मावशीला वाचता येत नाही, पण गिऱ्हाइकांनी मापं होईपर्यंत इतक्या वेळा मोठ्याने वाचलं होतं की तिला सगळं तोंडपाठ. मला पाहताच नाव, इयत्ता, तुकडी, शाळा घडाघडा म्हणून दाखवलं. म्हटलं, मावशी, हे मला परत दे. म्हणाली, "नाय रं भावा. ही पोर डोक्यावं उभी हाय तं मना ऊन लागत नाय. तुना कसला तरास?" मी हिरामणच्या गेल्या वर्षीच्या वाढदिवसाचा आख्खा बॅनर बदल्यात देऊ केला. तिने एकदा त्याच्या हसऱ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "ह्याला बांधू? गिऱ्हाईक येल का मंग?" शेवटी नवी कोरी ताडपत्री आणून दिली तेव्हा पोर खाली उतरली. तिची सुरळी करून खांद्यावर घेऊन घरी आणली, आणि वाटेत तीन माणसांनी कुणाचा बॅनर म्हणून विचारलं.

खालचा भाग, म्हणजे नेमका फोन नंबरचा, हिरामणचा मेहुणा चंदू याच्या टेम्पोवर आहे. तो मालावर घालून बांधतो. टेम्पो भाड्याचा, आज इथे तर उद्या तिथे. पहिल्यांदा मुरबाडहून फोन आला, मग शहापूरहून, मग नेरळहून. फोन कुठून येतो त्यावरून टेम्पो कुठवर पोचला ते मला घरबसल्या कळायचं. (टाइमकीपरच ना मी.) पण मी पोचेपर्यंत तो पुढे गेलेला असायचा. म्हणून टेलिफोनच्या ऑफिसात नंबर बदलून मिळावा असा अर्ज दिलाय, आणि तोवर वायर तांदळात. तर अशी ही हकीकत. तू हसत असशील. हस. लहानपणापासून मला तुझं हसणं सवयीचं आहे, पोरीचं न बोलणं मात्र अजून सवयीचं होत नाही. दाजींना जय भीम. गुडघ्यांना जपावं.

तुझा धाकटा,
भगवान

ता. क. : एक राहिलं. बॅनरवर अगदी शेवटी थोडी जागा उरली होती, म्हणून 'अधिक माहितीसाठी' असं लिहून तुझाही नंबर घातला होता. सध्या तुला पाणी शुद्ध करायच्या यंत्रवाल्यांचे फोन येत असतील तर ते त्यामुळे. दाजींना सांगू नकोस.

ता. क. २ : आता खरं सांगतो. वर एवढं लांबण लावलं ते एका कामासाठी. यशोधरा तुला पत्रं लिहिते, सुट्टीत तुझ्याकडे आली की रात्रभर बडबडते, हे मला माहीत आहे. तेव्हा कृपा करून एवढं कळव: तिची जवळची मैत्रीण कोण, तिला काय व्हायचंय, आणि ती कशाला भिते. पत्र कारखान्याच्या पत्त्यावर पाठव, म्हणजे तिच्या हाती पडणार नाही. पुढच्या वेळी चौकात कुणी विचारलं तर मला सांगता आलं पाहिजे. आणि पाठ करून एकदा तिच्यासमोर म्हणून दाखवलं, तर कदाचित तिचा राग जाईल.

ता. क. ३ : पत्र टेबलावर उघडं ठेवून मी पाकीट आणायला गेलो होतो. (हो, मीच तो.) परत आलो तर यशोधरा वाचत होती. पार शेवटापर्यंत वाचलं. वाटलं, आता आणखी एक अबोला. तर म्हणाली, "आत्याला काय विचारताय? मला विचारा ना." एवढंच. टेलिफोन एक्स्चेंजशिवाय, थेट. मग मी विचारलं, ताई. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि सांगत गेली, भावनाने दूध उतू जाऊ दिलं पण मध्ये बोलली नाही. ठाण्याला जायचं ठरलंय. भाषणात बॅनरचा किस्सा घालू का, तुमचं नाव घेऊ का, असं तिने आधी मला विचारून घेतलं. म्हटलं, खुशाल घे, फक्त नंबर सांगू नकोस. तेव्हा वर मागितलेलं काही कळवू नकोस. मैत्रिणीचं नाव मला कळलं, तिला काय व्हायचंय ते कळलं, आणि भीती कशाची तेही. तुला उत्सुकता असेल, पण रागावू नकोस, ते मी इथे लिहिणार नाही.